‘वायर नसलेली गाडी’ मागणाऱ्यांसाठी: काय घ्यायचं, काय सोडायचं, काय हाताशी ठेवायचं

आमच्या बिल्डिंगमधले एक काका बेस्टमधून रिटायर झाले. आयुष्यभर लोकांना घेऊन बस चालवली, स्वतःची गाडी कधी घेतली नाही. फंडाचे पैसे हातात आल्यावर माझ्या गॅरेजवर आले, स्टुलावर बसले, चहा मागवला आणि म्हणाले, “वायरमन, मला अशी गाडी सांग ज्यात वायर नाही. स्क्रीन नको, सेन्सर नको, बोलणारी बाई नको. बंद पडली तर पाना घेऊन मला चालू करता आली पाहिजे. गणपतीला संगमेश्वरला जायचंय. कशेडी घाटात मला लॅपटॉपवाला कुठे भेटणार?”

मी भांडुपला ऑटो इलेक्ट्रिशियन आहे. लोकांच्या भाषेत वायरमन. वडील कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यात होते, मी 1988ला दहावी आटपून परळच्या एका टॅक्सी गॅरेजमध्ये लागलो. पॉईंट घासण्यापासून स्कॅनर लावण्यापर्यंत सगळं या हातांनी केलंय. काकांसारखं विचारणारं कोणी ना कोणी दर महिन्याला येतं. तेच तेच सांगून घसा सुकतो, म्हणून लिहून काढतोय.

नवीन गाडीत इलेक्ट्रॉनिक्स नको, हे जमतं का?

नाही जमत. यात विकणाऱ्यांचा चावटपणा थोडा आहे, पण मूळ कारण सायलेन्सरच्या पाईपमध्ये बसलंय. त्याचं नाव कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असल्या महागड्या धातूंचा लेप. ती कार्बन मोनॉक्साइड, न जळालेलं पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइडं असं तिन्ही एकदम साफ करते, पण एका अटीवर: इंजिनात एक किलो पेट्रोलमागे 14.7 किलो हवा गेली पाहिजे. पेट्रोल थोडं जास्त झालं की एक विष वाढतं, हवा जास्त झाली की दुसरं.

जुन्या गाड्यांत हवा-पेट्रोल मिसळणारा कार्बोरेटर असायचा, तो हे प्रमाण धरून ठेवूच शकत नाही. सकाळी इंजिन थंड, दुपारी घाटाची चढण, मध्येच एसी चालू, मध्येच बंद. दर वेळी त्याचं गणित हलतं. म्हणून पाईपमध्ये ऑक्सिजन सेन्सर आला. तो धुराची चव घेऊन ईसीएमला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, कळवतो आणि ईसीएम पेट्रोल फवारणारा इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा ते सतत बदलत राहतो. 1 एप्रिल 2020पासून देशभर बीएस-6 हा धुराचा कडक नियम लागू झाला, 1 एप्रिल 2023पासून त्याचा दुसरा टप्पा आला. आता गाडीनं रस्त्यावर चालता चालता स्वतःच्या धुरावर लक्ष ठेवायचं असतं. हे काम पेचकसानं होत नाही.

नॅनो आठवते? 2009ला आली. एक लाखात बसवायला काय काय काढलं होतं त्यातून! पुढे एकच व्हायपर, चाकाला तीनच नट, साध्या मॉडेलला पॉवर स्टिअरिंग नाही, एसी नाही. पण ईसीएम होता. पै-पैचा हिशोब करणाऱ्यांनाही तो काढता आला नाही.

काका यावर म्हणाले, “मग पद्मिनी कशी चालायची?”

पद्मिनी कशी चालायची ते मला विचारा

प्रीमियर पद्मिनीचं कौतुक मलाही आहे. 1089 सीसीचं इंजिन, सोलेक्सचा कार्बोरेटर, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीतली शेवटची पद्मिनी 29 ऑक्टोबर 2003ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मर्यादा संपल्यावर 2023च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. तेव्हा फोटो काढायला गर्दी झाली होती. त्या गर्दीतल्या किती जणांनी कधी पॉईंट सेट केले असतील, देव जाणे.

पॉईंट म्हणजे डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डब्याच्या) आतले दोन छोटे तुकडे, उघडझाप करणारे. ते उघडले की कॉईलमधून ठिणगी उडते. दर उघडझापीला थोडे जळतात. मग ते पॉलिश पेपरनं घासायचे, फीलर गेजची 0.45 मिलिमीटरची पात मध्ये घालायची आणि स्क्रू असा आवळायचा की पात अडकतही नाही आणि सैलही सुटत नाही. तुपात सुरी फिरावी तशी फिरली पाहिजे. टॅक्सीला हे काम दर थोड्या दिवसांनी. न केल्यास गाडी मिसिंग करायची, म्हणजे अडखळत चालायची, ॲव्हरेज घसरायचं. पॉईंटना जळण्यापासून वाचवणारा कंडेन्सर गेला तर पॉईंट एका रात्रीत जळायचे. सकाळी चोक ओढायचा. जास्त ओढला तर प्लग ओले. मग चारही प्लग काढून स्टोव्हवर भाजायचे, हे मी स्वतः केलंय.

आणि पाऊस! दादरजवळच्या हिंदमाताला गुडघाभर पाणी साचलं की डिस्ट्रिब्युटर कॅपमध्ये ओल शिरायची आणि टॅक्स्या ओळीनं उभ्या राहायच्या. आम्ही पोरं कोरडं फडकं घेऊन धावायचो. एक कॅप पुसायचे पाच रुपये मिळायचे. माझ्या पहिल्या घड्याळाचे पैसे हिंदमातानं दिलेत.

तेव्हा “जुन्या गाड्या बंद पडत नव्हत्या” हे खोटं. पडायच्या, खूप पडायच्या. फरक एवढाच की रस्त्यावर कोणालाही त्या चालू करता यायच्या. काकांना खरं तर तेच हवं होतं, फक्त ते ‘वायर नको’ म्हणून सांगत होते.

मग शोरूममध्ये काय बघायचं

मॉडेलची नावं देत नाही, दर सहा महिन्यांनी यादी बदलते. मी गिऱ्हाइकाला एकच युक्ती सांगतो. गाडीत बसा आणि प्रत्येक गोष्टीवर हात ठेवून स्वतःला विचारा: हे आधी दांडा, केबल किंवा स्प्रिंगनं होत होतं का? होत असेल आणि आता मोटर आणि बटण लावलं असेल, तर ती भविष्यातली पावती. इंजिनाच्या आणि ब्रेकच्या इलेक्ट्रॉनिक्सला हात लावायचा नाही. बाकी जेवढं कमी तेवढं बरं.

हँडब्रेक ओढायचा दांडा असावा. बटणवाला नको. त्यात मागच्या चाकांवर मोटर असतात आणि बॅटरी उतरली तर गाडी जागची हलत नाही, टोचन करायलाही नाही. आमच्याकडे सोसायटीच्या तळघरात अशी एक गाडी अडकली होती, ती काढायला अर्धा दिवस गेला.

एसीचे नॉब फिरवायचे असावेत. फिरवताना आत केबल सरकल्यासारखा जडपणा लागला तर उत्तम. गरम-थंड, वारा पायाकडे की काचेकडे, हे सगळं स्क्रीनच्या पोटात असेल तर स्क्रीन गेली की जुलैतल्या पावसात पुढच्या काचेवरचं धुकं काढायची सोय गेली. ही चैनीची गोष्ट नाही, मुंबईत तर मुळीच नाही. म्युझिक सिस्टीम वेगळी, चौकोनी खाचेतून चार स्क्रू काढून बाहेर ओढता येणारी असावी.

हेडलाईट साध्या बल्बचा घ्या. एच4 बल्ब, 60/55 वॅट, हायवेवर कुठल्याही टपरीत मिळतो आणि हातानं बदलता येतो. एलईडीचा प्रकाश छान असतो, पण बऱ्याच गाड्यांत तो आतून सीलबंद असतो. गेला की अख्खा दिवा बदला. काचा हँडलच्या मिळाल्या तर घ्या, हल्ली मिळणं कठीण झालंय. पॉवर विंडोवर मी फार भांडत नाही. एक मोटर आणि एक स्विच, तेवढं कुठलाही वायरमन करतो.

गिअर हातानं टाकायचे. एएमटी म्हणजे तोच गिअरबॉक्स आणि तोच क्लच, फक्त तुमच्या पाय-हातांऐवजी ॲक्चुएटर बसवलेला. बंपर टू बंपर ट्रॅफिकमध्ये गुडघे दुखतात हे मान्य, माझेही दुखतात. ज्याला रोज ईस्टर्न एक्स्प्रेसवर दीड तास काढायचाय त्यानं एएमटी घ्यावी आणि साधेपणाचा विषय तिथे सोडून द्यावा.

इंजिन साधं पेट्रोल, टर्बो नसलेलं, इंजेक्टर मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे हवा आत नेणाऱ्या पाईपमध्ये असलेलं; थेट सिलिंडरमध्ये नको. सेल्समनला विचारा, “डायरेक्ट इंजेक्शन आहे का?” तो गोंधळला तर ब्रोशर मागा. सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू करणारी गाडी असेल तर तिची बॅटरी वेगळ्या जातीची आणि महाग असते, नेहमीची टाकली तर लवकर बसते.

बीएस-6 डिझेलबद्दल जरा सविस्तर, कारण सगळ्यात जास्त माणसं इथेच फसतात. काजळी पकडायला तिच्यात डीपीएफ नावाची गाळणी असते. ती भरली की गाडी स्वतः ती काजळी जाळून टाकते, पण त्यासाठी साधारण वीस मिनिटं एकसारखा वेग हवा. आता सांगा, भांडुप ते बीकेसी एकसारखा वेग कुठे मिळणार? काजळी जाळायचं काम सुरू होतं, तोवर घर येतं, चावी बंद. असं वारंवार झालं की दिवा लागतो, ओढ मरते, आणि शेवटी गाळणी काढून साफ करा नाहीतर बदला. ज्याचं रोजचं चालणं शहरातल्या शहरात आहे, त्यानं डिझेलच्या वाटेला जाऊ नये. दर रविवारी नाशिक गाठत असाल तर गोष्ट वेगळी.

चावी. खरी, लोखंडी, फिरवायची चावी असली तरी तिच्या मुठीत इमोबिलायझरची, म्हणजे चोरी रोखणारी, चिप असते, हे लक्षात असू द्या. दोन्ही चाव्या ताब्यात घ्या आणि एक पहिल्या दिवशीच घरी कपाटात टाका. दोन्ही हरवल्या तर जो खर्च येतो त्यात माझ्या पहिल्या स्कूटरसारखी स्कूटर येईल.

एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि एअरबॅग नको म्हणणाऱ्याला मी गाडी सुचवतच नाही. 1 जुलै 2019पासून चालकाची एअरबॅग, सीटबेल्टची पिपाणी, 80च्या पुढे वाजणारा इशारा आणि मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले, एबीएस त्याच्याही आधी. पिपाणीचा त्रास होतो म्हणून बेल्टच्या खाचेत नुसती क्लिप अडकवणारे येतात माझ्याकडे. क्लिप काढून देतो, पैसे घेत नाही.

जुनीच घ्यायची असेल तर

काहींना खरंच कार्बोरेटरवाली हवी असते. घ्या, पण हिशोब आधी करा. पंधरा वर्षं झाली की फिटनेस, पर्यावरण कर, आणि नोंदणी पुढे पाच वर्षांनी वाढवायची. त्या वाढवण्याची फी एप्रिल 2022पासून 600 वरून 5,000 झाली आणि गाडी जितकी जुनी तितका भुर्दंड चढता आहे. पीयूसी वर्षाची नाही, सहा महिन्यांची. पन्नास वर्षांवरची मूळ रूपातली गाडी असेल तर 2021च्या नियमानं ‘व्हीए’ मालिकेतला विंटेज नंबर मिळतो, नव्या नोंदणीला 20,000 रुपये. पण मग ती रोज कामाला नेता येत नाही. प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला, एवढंच.

पंपावरचं पेट्रोलही बदललंय. आता त्यात 20 टक्के इथेनॉल असतं. जुन्या गाड्यांचे रबरी होज, कार्बोरेटरची डायफ्रॅम, पॅकिंग हे त्यासाठी बनलेलं नाही; फुगतं, चिरतं. इथेनॉल हवेतलं पाणीही ओढतं, आणि मुंबईच्या हवेत पाण्याला काय तोटा! जुनी गाडी घेतली की पहिल्या महिन्यात टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे सगळे होज इथेनॉलला टिकणारे टाका. पेट्रोल गळून आग लागली तर साधेपणा तुमच्या काही कामाचा नाही.

सुटे भाग कुर्ल्याला सीएसटी रोडवर आणि चोरबाजारात फिरलात तर अजून मिळतात. जुना तुकडा खिशात घेऊन जा, नाव सांगून मागू नका. त्याच्याशी जुळवून घ्या.

माझं मत विचाराल तर मधली वाट बरी: साधारण 2008 ते 2015च्या दरम्यानची, एकाच मालकानं वापरलेली, कमी सोयींची पेट्रोल हॅचबॅक. इंजेक्शन आहे, ईसीएम एकच मोठा, स्कॅनरचा सॉकेट आहे, ॲक्सलेटर कित्येकांत अजून केबलचा. फक्त एबीएस आणि एअरबॅगवाली शोधा. त्या काळात ते वरच्या मॉडेललाच असायचं, म्हणून शोधावं लागतं. जी पंधरा वर्षांची झाली आहे किंवा काही महिन्यांत होणार आहे ती घेताना किंमत पाडून मागा. 26 जुलै 2005ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतर बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून किती वर्षं विकल्या जात होत्या ते आम्ही पाहिलंय. तसल्या गाड्या दर मोठ्या पावसानंतर बाजारात येतात. सीटखालच्या गालिच्याची कड उचला, वास घ्या, सीटच्या रेलचे बोल्ट बघा. तिथे गंज असेल तर गाडी कितीही चकचकीत असो, नमस्कार करून निघा.

गाडी घरी आल्यावर साधी कशी ठेवायची

हा भाग खरं तर मी आधी लिहायला हवा होता. माझ्याकडे येणाऱ्या ‘इलेक्ट्रॉनिक’ भानगडींपैकी बहुतेकांत इलेक्ट्रॉनिक्सचा दोष नसतो. दोष असतो गंजाचा, सैल नटाचा आणि उंदराचा.

गेल्या वर्षी मुलुंडहून एक बाई गाडी घेऊन आल्या. डॅशबोर्डवर दिवाळी: चेक इंजिन, एबीएस, स्टिअरिंग, एअरबॅग, सगळे दिवे एकदम. एका मोठ्या वर्कशॉपनं स्टिअरिंगचा कंट्रोल बॉक्स बदलायला सांगितलं होतं, 38,000चं कोटेशन हातात. मी त्यांना म्हटलं, ताई, चार बॉक्स एका दिवशी मरत नाहीत. ते चौघे ज्याचं खातात तो कोणीतरी उपाशी आहे.

मल्टिमीटर काढला. वीस व्होल्ट डीसीवर लावला, काळी पिन बॅटरीच्या मायनस खांबावर, लाल पिन इंजिनाच्या उघड्या धातूवर. ताईंना सेल्फ मारायला सांगितला. हा आकडा 0.2च्या आत यायला हवा. आला 1.1. म्हणजे इंजिनापासून बॅटरीकडे परत जाणारी वाट अडली होती. बॅटरीच्या ट्रेखालून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी बघितली, वरून काळी, छान दिसत होती. दहाचा पाना लावून बोल्ट सोडवला तर खाली हिरवट पांढरी पूड, कोकणातल्या जुन्या समईवर असते तशी. समुद्राची हवा, दुसरं काय. पॉलिश पेपरनं बॉडीचा धातू चमकेपर्यंत घासला, पट्टीचं टोक घासलं, बोल्ट आवळला, वरून ग्रीसचा हात फिरवला. पुन्हा सेल्फ मारला: 0.08. स्कॅनरनं बिघाडाचे जुने कोड पुसले, दिवे गेले ते गेले. मजुरी घेतली 600. 38,000चा कागद त्यांनी माझ्याकडेच टाकला, मी तो भिंतीला चिकटवलाय.

हे काम घरी करता येतं. वर्षातून एकदा, पावसाळा संपला की नवरात्रात. अर्थिंगचे दोन-तीन बोल्ट असतात. घासा, आवळा, ग्रीस लावा. घासायच्या आधी बॅटरीची मायनस केबल काढा, लावताना ती शेवटी लावा.

बॅटरीचे आकडे पाठ करा. रात्रभर उभ्या गाडीत 12.6 म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे निम्मी. सेल्फ मारताना 9.6च्या खाली जात असेल तर तिचे दिवस भरले. इंजिन चालू असताना 13.8 ते 14.5च्या आसपास. नव्या गाड्या चार्जिंग वर-खाली करतात, म्हणून एकदा पाहून घाबरू नका. कमकुवत बॅटरीमुळे येणाऱ्या भुताटकीनं लोकांनी सेन्सर बदललेले मी पाहिलेत.

उंदीर. तळमजल्यावरच्या पार्किंगमध्ये, बाजूला कचऱ्याचा डबा असेल तर विचारूच नका. बॉनेटच्या आत कांद्याचं साल किंवा लेंड्या दिसल्या की त्याच दिवशी हालचाल करा. तंबाखूची पुरचुंडी, फिनाइल, फवारे, सगळं करून झालं. माझा अनुभव एवढाच की रोज हलणाऱ्या गाडीत उंदीर संसार मांडत नाही. कुरतडलेली वायर पिळून टेप मारू नका. झाळायची, वर हीट श्रिंक नळी चढवायची.

बाहेरचे हॉर्न, निळे दिवे, कॅमेरे लावताना वायर कापून जोडू देऊ नका. रिले (थोड्या विजेनं मोठी वीज चालू-बंद करणारा स्विच) आणि फ्यूज टाकून थेट बॅटरीपासून वेगळी लाईन ओढायला सांगा. इंजिन बेवर प्रेशरचं पाणी मारू देऊ नका. वेल्डिंग असेल तर बॅटरी सोडा. गाडी पाण्यात उभी राहिली असेल तर सेल्फ अजिबात मारू नका. हवेच्या वाटेनं सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि मग इंजिनच खोलावं लागतं. ही चूक पद्मिनीतही तेवढीच महाग पडायची.

डिकीत काय ठेवायचं आणि रस्त्यात काय करायचं

मल्टिमीटर, दहा-बारा-चौदाचे पाने, टेस्ट लॅम्प, आणि फ्यूज: लाल 10चे, निळे 15चे, पिवळे 20चे. आणि ब्लूटूथचा ओबीडी डोंगल. तो स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये जातो आणि मोबाईलवर कोड दाखवतो. स्वस्त मिळतो. काकांना लॅपटॉपवाला नको होता ना, हा तोच आहे, खिशात मावणारा. फक्त काम झालं की काढून ठेवा, लावून ठेवला तर बॅटरी खात राहतो.

सेल्फच फिरत नसेल तर बॅटरी आणि तिचे खांब बघा. सेल्फ फिरतोय पण गाडी पकडत नाही, तर मागच्या सीटवर कान लावा आणि कोणालातरी चावी ऑन करायला सांगा. दोन सेकंद ‘हूंऽ’ असा आवाज यायला हवा, तो टाकीतला पंप. आवाज नसेल तर फ्यूज, मग रिले. पुष्कळ गाड्यांत हॉर्नचा आणि पंपाचा रिले एकाच नंबरचा असतो. वरचा नंबर जुळतो का बघून अदलाबदल करा. हॉर्न गेला तरी घरी पोचाल. ट्रॅफिकमध्ये गरम होऊन गाडी अचानक बंद पडते आणि अर्ध्या तासानं निमूट चालू होते, असं होत असेल तर इंजिनाचं फिरणं मोजणाऱ्या क्रँक सेन्सरवर पहिला संशय. कोड बहुधा पी0335. पी0300 म्हणजे मिसिंग, आधी प्लग आणि कॉईल. पी0171 म्हणजे हवा जास्त जातेय, एखादा पाईप सुटलेला शोधा. पी0420 आला की कन्व्हर्टर बदला म्हणणारे भेटतील. घाई करू नका, आधी मिसिंग आणि सायलेन्सरची गळती बघून घ्या.

कोड म्हणजे निकाल नव्हे. तो शेजाऱ्यानं दिलेली खबर असते, घर तुम्हालाच तपासायचंय.

धक्का स्टार्ट इंजेक्शनच्या गाडीलाही लागतो, हातानं गिअर टाकायची असेल आणि बॅटरीत थोडा जीव असेल तर. पंप आणि ईसीएम जागे व्हायला तेवढी वीज लागतेच. डॅशबोर्ड पूर्ण काळा असेल तर ढकलून घाम गाळू नका, आणि सारखं सारखं ढकलत बसू नका. न जळालेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तापतं.

इलेक्ट्रिक गाडीचं काय, असंही विचारतात

अमेरिकेत 2025च्या एप्रिलमध्ये स्लेट नावाच्या कंपनीनं एक छोटा ट्रक दाखवला: हँडलच्या काचा, रेडिओ नाही, मोठी स्क्रीन नाही. काकांना फोटो दाखवला तर त्यांचा चेहरा खुलला. आहे मात्र तो बॅटरीवरचा. फिरणारे भाग कमी, ऑइल नाही, क्लच नाही. पण इन्व्हर्टर आणि बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट काढलं तर ती गाडी म्हणजे चार चाकांचा पाट. तिथल्या शेकडो व्होल्टना मीही सर्टिफिकेट घेतल्याशिवाय हात लावत नाही, तुम्ही तर लावूच नका.

काकांनी शेवटी 2013ची एक हॅचबॅक घेतली. एबीएस आणि दोन एअरबॅग, बाकी सगळं हातानं. मी सांगितलेलं सामान पिशवीत भरलं आणि चतुर्थीच्या दोन दिवस आधी पहाटे चारला निघाले. साडेनऊला फोन.

“वायरमन, माणगावला अडकलोय. पिवळा दिवा लागलाय.”

“गाडी चालतेय ना? डोंगल लावा.”

बराच वेळ काकूंचा आवाज, मग काका: “पी, शून्य, एक, एक, तीन.”

“काल एअर फिल्टर काढला होतात का?”

“हो. हातानं साफ केला. मीच.”

“डब्याच्या बाजूला एक छोटा सेन्सर असतो, हवेचं तापमान बघणारा. त्याचा कपलर लावायचा राहिलाय. बॉनेट उघडा, दोन वायरींचा मोकळा कपलर दिसेल.”

मागे हॉर्न वाजत होते, कोणीतरी गणपती घेऊन चाललेला टेम्पो असावा, बेंजो सुरू होता. मग फोनवर ‘टक्’ असा बारीक आवाज आला.

“बसला,” काका म्हणाले. “आता दिवा?”

“डोंगलवर कोड पुसा.”

“गेला. वायरमन, हा डोंगल कोणी काढला रे शोधून?” एवढं विचारलं आणि काकूंना म्हणाले, “भाकरी काढ, गाडी काही हलत नाही अजून.”